अजून किती जाईल? : उरलेल्या अंतराच्या हिशेबाचा इतिहास

‘अजून किती जाईल?’ हा प्रश्न वाहनाइतकाच जुना आहे. बैलगाडी आणि घोड्याच्या काळात त्याचे उत्तर ‘मजल’ या शब्दात सामावलेले होते. हा शब्द अरबी ‘मंझिल’वरून आला. मूळ अर्थ मुक्कामाची जागा, आणि त्यावरून एका दिवसात कापायचे अंतर. मजल कोसांत ठरलेली नसे. वाटेत घाट असेल, ऊन कडक असेल, बैल थकलेले असतील तर ती आखूड व्हायची. तो हिशेब गाडीवानाच्या डोक्यात असे. इलेक्ट्रिक मोटारीच्या पडद्यावर ‘रेंज’ म्हणून जो आकडा दिसतो, तो हाच हिशेब. आता तो यंत्र करते. माणसाकडून यंत्राकडे जाताना या हिशेबातले काय झाकले गेले, हे मला येथे मांडायचे आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत इलेक्ट्रिक मोटारी चांगल्याच रुळल्या होत्या. हेन्री फोर्ड पेट्रोलच्या मोटारी विकत, पण त्यांच्या पत्नी क्लारा ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवत. अशा मोटारींत चालकासमोर व्होल्टमीटर आणि ॲमीटर असत. परंतु लेड-ॲसिड बॅटरीचे व्होल्टेज भार पडला की खाली येते आणि गाडी थांबली की पुन्हा वर चढते. त्यावरून शिल्लक ओळखणे कठीण. स्प्रिंगफील्ड येथील सँगामो कंपनीच्या अँपिअर-तास मीटरने ही अडचण बरीच दूर केली. बॅटरीतून गेलेली वीज मोजत त्याचा काटा पुढे सरके आणि चार्जिंगच्या वेळी उलटा फिरे. चार्जिंगमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून उलटा फिरताना तो मुद्दाम जरा मंद ठेवलेला असे. जमाखर्चाची वहीच ती. मात्र तबकडीवर मैल नव्हते. शिल्लक किती ते यंत्र सांगे, तेवढ्यात घर गाठेल का हे चालक ठरवी.

आपल्याकडे हीच वाटणी स्कूटरवर होती. बजाजची चेतक १९७२ साली आली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि तेव्हाचे औरंगाबाद दुचाकींच्या नकाशावर आले. त्या पिढीच्या बहुतेक स्कूटरींना पेट्रोलचा काटा नव्हता. होता तो तीन खुणांचा कॉक – बंद, चालू आणि रिझर्व्ह. इंजिन आचके देऊ लागले की सीटखाली हात घालून कॉक फिरवायचा. तेही पेट्रोल संपले तर स्कूटर एका अंगावर कलती करून उरलेसुरले थेंब खाली आणायचे. रिझर्व्हने किलोमीटर कधी सांगितले नाहीत; पण उरलेले पेट्रोल ठरावीक असल्याने ‘आपली गाडी रिझर्व्हमध्ये किती जाते’ हे ज्याला त्याला पाठ असे.

उरलेल्या अंतराचा आकडा चालकासमोर आणला तो पेट्रोलच्या मोटारीने. १९७८ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये जादा पैसे मोजून ‘ट्रिप कॉम्प्युटर’ घेता येई आणि टाकी रिकामी होईपर्यंत किती मैल जाता येईल, ते तो दाखवी. पेट्रोलपंप जागोजागी होते, त्यामुळे ती निव्वळ चैन होती. इलेक्ट्रिक मोटारीत मात्र तो आकडा गरजेचा झाला. जनरल मोटर्सची ‘ईव्ही १’ १९९६ मध्ये रस्त्यावर आली आणि पुढच्याच वर्षी ‘रेंज अँक्झायटी’ हा शब्दप्रयोग छापून आला. २०१० च्या अखेरीस आलेल्या निसान लीफचा आकडा असा वरखाली होई की, चालकांनी त्याला ‘गेस-ओ-मीटर’ म्हणायला सुरुवात केली. मराठीत त्याला ‘अंदाजपंचे मीटर’ म्हणता येईल.

हा आकडा येतो एका भागाकारातून. वर बॅटरीतली शिल्लक वीज, खाली दर किलोमीटरचा खर्च. शिल्लक बऱ्यापैकी मोजता येते. आत-बाहेर गेलेली वीज मोजत राहण्याची सँगामोचीच रीत आजही वापरतात, तिला व्होल्टेजची जोड देतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहते. म्हणून अधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करायला सांगतात, म्हणजे वही पुन्हा जुळते. खाली येणारा खर्च मात्र पुढच्या रस्त्याचा असतो. तो मोजता येत नाही, धरून चालावा लागतो. शिल्लक ३० युनिट असेल आणि किलोमीटरला १२० वॉट-तास धरले, तर उत्तर २५० किलोमीटर. १५० धरले, तर २००.

काय धरायचे, यात दोन पंथ आहेत. चाचणीतून निघालेला ठरावीक खर्च धरायचा, ही टेस्लाच्या पडद्याची जुनी पद्धत. नुकत्याच झालेल्या प्रवासाचा खर्च धरायचा, ही लीफची. दुसरीची गंमत आपल्या कन्नडच्या घाटात कळते. चाळीसगावकडे उतरताना मोटर जनित्राचे काम करते, थोडी वीज परत येते आणि आकडा फुगतो. परतीच्या चढावर तो कोसळतो. बॅटरी बिघडलेली नसते. गाडी मागची वाट पाहून पुढची सांगत असते. समृद्धी महामार्गावर कारण वेगळे. वेग ६० वरून १२० झाला की हवेचा विरोध चौपट होतो.

विक्रीच्या वेळी सांगितलेला आकडाही असाच गृहीतावर उभा असतो. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची रेंज ३१२ किलोमीटर सांगितली गेली, ती पुण्याच्या ‘एआरएआय’च्या ठरीव चाचणीतली. त्याच महिन्यात बाजारात आलेल्या इलेक्ट्रिक चेतकने इकोमध्ये ९५ आणि स्पोर्टमध्ये ८५ असे दोन आकडे दिले. २०२२ च्या एथर ४५०एक्सची प्रमाणित रेंज १४६, तर कंपनीनेच सांगितलेली ‘ट्रू रेंज’ १०५. बॅटरी एकच, आकड्यांत ४१ किलोमीटरचे अंतर.

आता हा प्रश्न आपल्या दारात आला आहे. २०२४ मध्ये एथर आणि टोयोटा किर्लोस्कर या दोन्ही कंपन्यांनी छत्रपती संभाजीनगरजवळ ऑरिक-बिडकीन येथे कारखाने काढण्याचे ठरवले. माझे म्हणणे एवढेच की, रेंजच्या शेजारी शिल्लक टक्के आणि धरलेला खर्च, दोन्ही सारख्याच ठळकपणे दिसावेत. शिल्लक हे मोजमाप आहे, रेंज हे मत आहे. ते मत कशावर बेतले आहे ते समोर असेल, तर घाट, ऊन आणि वेग यांचा हिशेब चालक स्वतः करू शकेल, जसा गाडीवान आणि रिझर्व्हवाला करीत असे.