सुगंधाची आठ अक्षरे

अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त तांदळाचे भाव नोंदवले आहेत. त्यात एक नाव आहे ‘मुश्कीन’. मुश्क म्हणजे कस्तुरी. पुढे १७६६ साली वारिस शाहने ‘हीर’ लिहिली आणि बासमती पंजाबी काव्यात आला. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.; तांदळाच्या शास्त्रात शिरलो तो या नावांचे बोट धरून.

१९३३ साली लाहोरजवळच्या काला शाह काकू येथील केंद्राने देशी बासमतीतून एक वाण निवडला, ‘बासमती ३७०’. दाणा उत्तम, पण रोप उंच. खत वाढले की आडवे व्हायचे. बुटक्या वाणांशी संकर केला, तर बासमतीपण हरवायचे. १९८७ साली ग्लाझमान या शास्त्रज्ञाने आशियातले वाण तपासले, तेव्हा बासमतीचा गट नेहमीच्या इंडिका तांदळाहून वेगळा निघाला. अखेर १९८९ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा बासमती-१’ दिला. त्याच्या आईबापांपैकी एक होता ‘कर्नाल लोकल’, नावातच गाव असलेला जुना वाण!

२००५ साली सुगंधाचे कोडे सुटले. भातातले एक जनुक सुगंधी द्रव्य साचू देत नाही. बासमतीत आणि थायलंडच्या जास्मिनमध्ये त्या जनुकाची आठ अक्षरे गळालेली आहेत. पहारा उठला आणि भात दरवळला.

मग सारे सुगंधी तांदूळ एकच का? मुळीच नाही. आमच्याकडे बिर्याणीला बासमती लागतो, पण आजाऱ्याच्या पेजेला आंबेमोहोरच. वास दोघांनाही आहे. मात्र एकाचे शीत मोकळे राहते, दुसऱ्याचे मऊ होऊन मिळून येते. हा फरक इतर जनुकांतला. रोगाशी झुंजणे, कमी पाण्यात तगणे, हेही तिथलेच. उद्याचा वाण घडवणाऱ्याला सुगंध कुठूनही मिळेल. बाकीचे गुण मात्र जुन्या वाणांतच शोधावे लागतील.

म्हणूनच डॉ. रिछारिया यांनी छत्तीसगढमधून हजारो देशी वाण गोळा केले. आपल्याकडे २०१६ साली आजऱ्याच्या घनसाळला आणि मुळशीच्या आंबेमोहोरला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाते. बियाणे मात्र दरवर्षी कुणीतरी पेरले, आणि आपण ते विकत घेऊन शिजवले, तरच राहते.