तटबंदी नसलेला किल्ला

किल्ला म्हटला की माझी नजर आधी तटबंदी शोधते. इटलीतल्या लावारोने गावाजवळच्या फोर्ते बेल्वेदेरेला तटबंदी अशी नाहीच. ऑस्ट्रिया-हंगेरीने 1908 ते 1912 या काळात इटलीच्या तेव्हाच्या सीमेलगत बांधलेला हा किल्ला बराचसा डोंगराच्या पोटातच आहे. वर जाड काँक्रीट, खाली खडकात खोदलेले बोगदे, आणि माथ्यावर फिरत्या पोलादी घुमटांत बसवलेल्या तीन हॉवित्झर तोफा. सैनिक त्याला ग्श्वेंट म्हणत.

24 मे 1915 रोजी समोरच्या व्हेरेना किल्ल्यावरून इटलीचा पहिला गोळा सुटला आणि या भागातलं युद्ध पेटलं. व्हेरेना उंचावर होता, पण त्याचं छत कच्चं निघालं. 12 जूनला ऑस्ट्रियाचा 305 मिलिमीटरचा गोळा ते फोडून आत शिरला; किल्लेदार कप्तानासह कितीतरी माणसं जागीच गेली. पुढच्या मे महिन्यात ऑस्ट्रियाने मोठी चढाई केली, आघाडी दूर सरकली आणि बेल्वेदेरेवरचा मारा ओसरला.

युद्धानंतर हा मुलूख इटलीकडे आला. आसपासचे किल्ले लोखंडाच्या भंगारासाठी सुरुंग लावून फोडले गेले, याची मला फार हळहळ वाटते. बेल्वेदेरे बऱ्यापैकी शाबूत राहिला. आज तिथे पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय आहे. गेलात तर काचेच्या कपाटांपाशी फार रेंगाळू नका. सरळ बोगद्यांत उतरा, शिपाई कुठे राबत होते ते पाहा. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर जवळ ठेवा.