तितराची साद

फिरिश्ता लिहितो, शिकारीत वाट चुकलेल्या भुकेल्या फिरोजशहा तुघलकाला मलिक राजाने जेवू घातले. बक्षीस म्हणून 1370 च्या सुमारास त्याला धुळ्याकडील थाळनेरची जहागीर मिळाली. खानदेशचे फारुकी राज्य सुरू झाले ते असे. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगतो; फासेपारध्याचा सांगत नाही. तो पिंजऱ्यातला पाळीव तितर रानात ठेवी, भोवती फासे मांडी, स्वतःही हुबेहूब साद घाली. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे वाटून रानातला तितर धावून येई. फाशात पक्षी जिवंत सापडतो, म्हणून जबह करता येतो. आमच्या दस्तरखानाला ते कसब असे उपयोगी पडे. इंग्रजांनी पारध्यांना गुन्हेगार जमातींच्या कायद्यात कोंबले. तो कायदा 1952 ला गेला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तितराला संरक्षण दिले, योग्यच झाले. साद घालणाऱ्याच्या चुलीचे काय, हे मात्र आम्ही, त्याचे जुने गिऱ्हाईक, विचारायला गेलो नाही.