‘ॲव्हरेज’चा इतिहास : डिझेल मोटारीचे इंधनमान आणि यवतमाळ जिल्हा

मोटारगाडी विकत घेऊ पाहणारा यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील गृहस्थ विक्रेत्याला जो प्रश्न बहुधा सर्वांआधी विचारतो, तो म्हणजे, ‘ॲव्हरेज किती देते ?’ हा इंग्रजी शब्द आपल्या बोलीत आता इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ ‘सरासरी’ असा आहे, याचे भान फारसे कोणास राहिलेले नाही. एक लिटर इंधनात गाडी जितके किलोमीटर धावते ते तिचे ‘ॲव्हरेज’. या प्रश्नाला दोन उत्तरे असतात. एक छापील पत्रकावरचे आणि दुसरे रस्त्यावरचे. या दोहोंमधील अंतर कसे निर्माण झाले, ते कोणत्या काळात वाढले आणि यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम डिझेल या जिल्ह्यात कसे रुजले ते पाहू. १९०५ पूर्वी हा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. येथील कापूस मुंबईच्या बाजारात जावा म्हणून यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरांची अरुंदमापी लोहवाट घालण्यात आली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ हे नाव दिले. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले बाष्प-इंजिन तिच्यावर १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत राबले आणि त्यानंतर त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. पुढे ही वाहतूकही बंद पडली. म्हणजे लोहमार्गावर डिझेल आले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. सडकेवर मात्र ते कितीतरी आधी आले होते. राज्य परिवहनाच्या गाड्या, मालमोटारी, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि खेड्यापाड्यांतून उतारू नेणाऱ्या ‘काळी-पिवळी’ जीपगाड्या यांनी हे इंधन गावोगाव पोचविले. येथवर डिझेल हे श्रमाचे आणि सार्वजनिक वाहतुकीचे इंधन होते. कुटुंबाच्या खाजगी मोटारीचे इंधन ही त्याची प्रतिष्ठा अलीकडची होय.

त्या प्रतिष्ठेचा आरंभ सांगताना पुण्याजवळील पिंपरी-चिंचवडचा उल्लेख अपरिहार्य आहे. तेथे तयार होणारी टाटांची ‘इंडिका’ डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली. मध्यम वर्गाच्या आटोक्यातील लहान मोटार डिझेलवर चालू शकते, हे तिने दाखवून दिले. पुढे १२४८ घनसेंटिमीटरचे, फियाटच्या रचनेचे डिझेल इंजिन भारतातच तयार होऊ लागले आणि फियाट, टाटा व मारुती या तिन्ही नावांच्या गाड्यांत ते बसले. २०११ साली इंडिकाचीच ‘ईव्ही-२’ ही आवृत्ती लिटरला २५ किलोमीटर या आकड्यासह पुढे आली. २०१४ साली आलेल्या मारुतीच्या ‘सियाझ’ या गाडीच्या डिझेल प्रकाराचा प्रमाणित आकडा २६.२१ होता. सप्टेंबर २०१५ मध्ये तिला ‘एसएचव्हीएस’ ही जोड मिळाली आणि तो २८.०९ वर गेला. पर्यावरणस्नेही कौटुंबिक डिझेल मोटार ही कल्पना येथे आपल्या शिखरावर पोचली, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे आकडे येतात कोठून ? गाड्यांची चाचणी घेणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था विशेष प्रसिद्ध आहे. ग्राहक तर प्रमाणित आकड्यालाच ‘एआरएआयचे मायलेज’ म्हणतो. चाचणीच्या वेळी गाडी सडकेवर जात नाही. ती फिरत्या रुळांवर उभी केली जाते आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकानुसार तिची गती वाढविली वा कमी केली जाते. हे वेळापत्रक युरोपातील जुन्या चाचणीवरून बेतलेले आहे. एकूण अवधी ११८० सेकंद, अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर, सरासरी गती ताशी ३२ किलोमीटरांच्या आसपास आणि कमाल गती ताशी ९०. त्यातील जवळजवळ चतुर्थांश वेळ गाडी एका जागी उभी असते. वातानुकूलन यंत्र बंद असते. बाहेर पडलेल्या वायूंतील कर्बाच्या प्रमाणावरून किती इंधन जळले याचा हिशेब मांडतात.

या पद्धतीत लबाडी आहे असे समजणे अन्यायाचे होईल. दोन गाड्यांची तुलना करावयाची तर दोघींना एकाच मापाने मोजले पाहिजे, आणि तेवढ्यापुरती ही चाचणी उपयुक्त आहे. अडचण उत्पन्न होते ती तुलनेसाठी काढलेला आकडा अनुभवाचे भाकीत म्हणून वाचला जातो तेव्हा. शिवाय ज्या मापावर स्पर्धा चालते, त्या मापाला सोयीचे यंत्र घडविण्याकडे निर्मात्यांचा ओढा राहणे स्वाभाविकच आहे.

‘सियाझ’चेच उदाहरण घ्यावे. तिच्या नव्या जोडणीत तीन गोष्टी होत्या : गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद होणे, ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या शक्तीचा काही अंश विजेच्या रूपाने साठविणे आणि गती घेताना त्या विजेची किंचित मदत इंजिनाला देणे. केवळ विजेवर ही गाडी चालत नसे. प्रमाणित आकडा वाढला तो २६.२१ वरून २८.०९, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांनी. ज्या चाचणीत चतुर्थांश वेळ उभे राहावयाचे आणि पुनःपुन्हा थांबून निघावयाचे, तेथे या तिन्ही गोष्टींचे चीज होणारच. महानगराच्या चौकाचौकांतही ते थोडेफार होईल. परंतु यवतमाळहून वणीला किंवा दिग्रसवरून पुसदला निघालेल्या गाडीला असे थांबे कितीसे लागतात ? गावाची वस्ती, एखादे फाटक, रस्त्यावर आलेले गुरांचे खिल्लार एवढेच. ज्या कारणाने आकडा वाढला ते कारणच येथे जवळजवळ नाहीसे होते. एप्रिल २०१५ पासून चालू असलेल्या ‘फेम’ या सरकारी योजनेतून अशा गाड्यांना मिळणारे साहाय्य १ एप्रिल २०१७ पासून थांबविण्यात आले, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या जिल्ह्याची भूरचना चाचणीगृहाहून निराळी आहे. वर्ध्याहून यवतमाळकडे येणारा प्रवासी सुमारे ७० किलोमीटरांत जवळपास २०० मीटर वर चढतो, कारण यवतमाळ शहर पठारावर वसलेले आहे. माणसे व सामान धरून १४०० किलोग्रॅम वजनाची गाडी एवढी उंच नेण्यास सुमारे २७ लक्ष ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६० लक्ष ज्यूल असतात आणि त्यांपैकी इंजिन साधारणतः एक-तृतीयांश उपयोगात आणते. म्हणजे या चढाचे मोल पाव लिटरापेक्षा किंचित कमी ठरते. सपाटीवर लिटरला २२ किलोमीटर धावणारी गाडी या एका कारणाने २०.५ च्या आसपास येते. परतीच्या उतारावर ही तूट बरीचशी भरून निघते. पण एकाच दिशेचा हिशेब ठेवणारा मनुष्य एकतर गाडीला दूषण देईल, नाहीतर तिची वारेमाप स्तुती करील.

दुसरे कारण गतीचे. नागपूरहून पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड महामार्ग हे चौपदरी झाले आहेत. अशा रस्त्यावर चालक सहज ताशी ११० किलोमीटरांवर जातो. वाऱ्याचा अडथळा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० च्या ठिकाणी ११० केले की तो अडथळा जवळजवळ दीडपट होतो. चाचणीची कमाल गतीच ९० असल्यामुळे हा वाढीव भार प्रमाणित आकड्यात उतरत नाही. यात विदर्भाच्या उन्हाळ्याची भर पडते. वैशाखात वातानुकूलन यंत्र बंद ठेवून प्रवास करा, असे कोणी कोणास सांगू शकणार नाही. चांगला रस्ता म्हणजे इंधनाची बचत, हे गृहीत अशा रीतीने अर्धेच खरे ठरते. खड्डे चुकले की बचत होते आणि वेग वाढला की ती हातातून जाते.

हे अंतर केवळ आपल्या देशाचे नाही. युरोपात अधिकृत व प्रत्यक्ष इंधनखर्च यांतील तफावत २००१ साली सुमारे ९ टक्के होती. ती २०१५ पर्यंत ४० टक्क्यांच्या घरात गेल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. त्याच वर्षी फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील विषारी वायूंसंबंधीचे फसवणुकीचे प्रकरण उघडकीस आले. २०१७ पासून युरोपने नवी, अधिक कठोर चाचणी स्वीकारली. रस्ते तेच आणि माणसेही तीच असता तफावत चौपटीहून अधिक वाढावी, याचा अर्थ उघड आहे. जितके महत्त्व आकड्याला आले, तितका तो अनुभवापासून दूर गेला.

मग प्रत्यक्ष इंधनमान जाणून घ्यावयाचे कसे ? अभ्यासकाच्या दृष्टीने हा साधनचिकित्सेचा प्रश्न आहे. टाकी काठोकाठ भरून, गाडी चालवून, पुन्हा भरावयाची आणि किलोमीटरांना लिटरांनी भागावयाचे, ही लोकमान्य रीत योग्यच आहे. परंतु ‘काठोकाठ’ या शब्दात लिटरभराची चूक सहज लपते. १० लिटर भरणाऱ्याच्या हिशेबात ती १० टक्के होते, तर ४० लिटर भरणाऱ्याच्या हिशेबात अवघी अडीच. म्हणून एका खेपेवरून निष्कर्ष काढू नये. वर्षाचे सारे किलोमीटर आणि सारे लिटर एकत्र करून भागाकार करावा. निरनिराळ्या आकड्यांची सरळ सरासरी काढणेही चुकीचे. अर्धे अंतर लिटरला २४ आणि अर्धे १६ या मानाने काटले, तर खरे मान २० नव्हे, १९.२ येते. राज्य परिवहनाच्या आगारांत किलोमीटर व डिझेल यांची नोंद रोजच्या रोज ठेवण्याची जी शिस्त आहे, ती घरच्या मोटारीलाही लागू पडते.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. लिटरला किलोमीटर हे माप मैल-गॅलनच्या काळातून आपल्याकडे आले. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धती आली, मैलाचे किलोमीटर आणि गॅलनचे लिटर झाले, पण मापाची ठेवण तीच राहिली. या मापात मोठा आकडा डोळ्यांत भरतो. १००० किलोमीटरांसाठी १० च्या मानाने १०० लिटर लागतात आणि १५ च्या मानाने ६७. म्हणजे बचत ३३ लिटरांची. २० वरून २८ वर गेल्यास ५० चे सुमारे ३६ होतात, बचत १४ लिटरांची. वाढ पाचाची असता लाभ अधिक आणि आठाची असता कमी ! जुन्या जीपगाडीची निगा राखून तिचे मान थोडे सुधारणे हे नव्या गाडीचे मान शिखरावर नेण्यापेक्षा देशाच्या तेलाची अधिक बचत करणारे असू शकते. डिझेल व पेट्रोल यांची लिटरला-लिटर तुलनाही सरळ नव्हे. डिझेलच्या लिटरात दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा जास्त असते आणि तेवढ्याच प्रमाणात कर्बवायूही जास्त निघतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या आकड्यांसाठी किंमत कोणी मोजली ? मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३.१८ रुपये आणि डिझेल ४०.९१ रुपये होते. ३२ रुपयांचा हा फरक राखण्यामागे शेतकरी व सार्वजनिक वाहतूक यांना आधार देण्याचा हेतू सांगितला जाई. २०१० साली किरीट पारीख समितीने डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचा जादा कर सुचविला होता, तो याच विसंगतीमुळे. २०१४ साली पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन कक्षाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातील किरकोळ विक्रीच्या डिझेलपैकी सुमारे १३ टक्के खाजगी मोटारींत जात असल्याचे दिसले. शेतीचा वाटाही सुमारे १३ टक्केच होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ च्या केंद्रीय साहाय्य योजनेत विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश करावा लागला, त्यांत यवतमाळ एक. त्या जिल्ह्यातील ट्रॅक्टरच्या नावाने स्वस्त ठेवलेले इंधन तितक्याच प्रमाणात दारातल्या मोटारीनेही प्यावे, ही गोष्ट कोणत्याही छापील आकड्यापेक्षा अधिक बोलकी आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि दोन इंधनांमधील फरक आटत गेला. जून २०२० मध्ये तर दिल्लीत, तेथील करवाढीमुळे, डिझेल पेट्रोलहून किंचित महाग झाले. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे ‘भारत स्टेज-६’ हे कठोर नियम आले आणि मारुतीने डिझेल मोटारी करणे सोडले. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्येच थांबले होते. लहान डिझेल मोटारीचे युग असे वीस-बावीस वर्षांत आटोपले. तिच्या लोकप्रियतेचा पाया यंत्राच्या काटकसरीइतकाच दरातील फरकावरही उभा होता, हे या क्रमावरून स्पष्ट होते.

तात्पर्य, प्रमाणित आकडा हा एका चाचणीचा निष्कर्ष असतो. सरासरी ही अनेक दिवसांच्या, अनेक रस्त्यांच्या आणि अनेक ऋतूंच्या अनुभवातूनच निघते. ‘ॲव्हरेज’ हा लोकांनी उचललेला शब्द या दृष्टीने अगदी अन्वर्थक आहे. उणीव आहे ती त्या शब्दामागची नोंद ठेवण्याची. जिल्ह्यातील चालक, मालक व शेतकरी यांच्या वह्यांत अशा नोंदी असतील, तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी जमविल्या पाहिजेत. पत्रके जतन करण्यास निर्माते समर्थ आहेत. अनुभव जतन करणे हे मात्र आपल्याच विद्यापीठांचे काम आहे.