मास्तर, मंजुळा आणि मुखेड

साल १९६३. तुम्ही कॅलिफोर्नियात, बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत उभे आहात आणि तुमची नजर रेक्स हॅरिसनच्या टायवर आहे. त्या टायमध्ये बिनतारी माइक दडवलाय. बाकीची मंडळी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवतात. या गृहस्थाने त्याला साफ नकार दिलाय. एकच ओळ त्याला दोनदा हुबेहूब म्हणता येत नाही, त्यामुळे जे काही म्हणायचं ते इथेच, कॅमेऱ्यासमोर. आणि तो गातो कुठे? बोलता बोलता सुराच्या कडेकडेने चालतो. समोर ऑड्री हेपबर्न. तिची बहुतेक गाणी पडद्यावर येतील ती मार्नी निक्सनच्या गळ्यातून.

इथे चाललंय ते ‘माय फेअर लेडी’चं चित्रीकरण; तिच्या हक्कांसाठी जॅक वॉर्नरने ५५ लाख डॉलर मोजलेत. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर २,७१७ प्रयोग झालेली ही संगीतिका, आणि तिच्याही मागे बर्नार्ड शॉचं नाटक ‘पिग्मॅलियन’. सेट बघून डोळे दिपले असतील, तरी एका गाण्याकडे कान द्या. हेपबर्नची फुलवाली, तिला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या हॅरिसनच्या मास्तरवर पिसाळलीय. आपण मोठ्या झालो की राजाकडून याला गोळ्या घालायला लावू, असं मनातल्या मनात रंगवतेय. शॉच्या नाटकात ही जागाच नाही. ती संगीतिकेने निर्माण केली.

आता चला मुंबईला. तारीख २९ जानेवारी १९७५. इंडियन नॅशनल थिएटर या संस्थेच्या ‘ती फुलराणी’चा पहिला प्रयोग. प्रोफेसर अशोक जहागीरदार झालेत सतीश दुभाषी, आणि मंजुळा झालीय भक्ती बर्वे. दूरदर्शनवर जिचे स्वच्छ उच्चार लोक कौतुकाने ऐकतात, तीच बाई इथे ‘ण’चा ‘न’ करत ठसक्यात फिरतेय. नाटक पु. ल. देशपांड्यांचं, रूपांतर ‘पिग्मॅलियन’चं. पण मध्येच मंजुळा एकटी उरते, मास्तरला धडा शिकवायचे बेत आखू लागते, आणि तुम्ही खुर्चीत सावरून बसता. अहो, ही तर बरबँकमध्ये ऐकलेली जागा!

फरक एवढाच की इथे ऑर्केस्ट्रा नाही. पु. ल. पक्के पेटीवाले, ‘गुळाचा गणपती’ला संगीत दिलेला माणूस; एक चाल बांधणं त्यांना काय जड होतं? संगीत नाटकावर पोसलेल्या प्रेक्षकाने गाणं डोक्यावर घेतलंही असतं. त्यांनी मात्र चाल बाजूला ठेवली आणि ठेका सगळा बोलण्यात ओतला. भक्ती बर्वे शब्द चावतात, फेकतात, मध्येच थांबतात, तुमचा पाय आपोआप ताल धरतो. परदेशी संगीतिका मराठीत आणायची तर वाद्यवृंद आणि झगमगाट आणायला हवा, असं मानणाऱ्यांनी ही पाच मिनिटं बघावीत. पैसा न लागणारी गोष्ट पु. लं.नी उचलली, आणि माझ्या मते नेमकी तीच उचलण्यासारखी होती.

शेवटचा मुक्काम मराठवाड्यातलं मुखेड. १९८० नंतरचं कुठलंही वर्ष धरा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘ती फुलराणी’तला प्रवेश, मांडव, शिट्टी मारणारा माइक. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना मास्तरचं आडनाव ऐकून भलतंच आठवतं. त्यांनी निजामाच्या राजवटीतले खरे जहागीरदार पाहिलेत. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, आडनावं राहिली.

विंगेत नववीतली पोरगी मंजुळेच्या स्वगताची तयारी करतेय. ‘काय करायलीस गं?’ मैत्रीण विचारते. ‘पाठ करायले,’ ती म्हणते. बाई शेजारीच उभ्या आहेत. वर्गात वर्षभर त्यांनी हिला ‘पानी नाही, पाणी म्हण’ असं बजावलं. आता तोंडावर प्रयोग आणि पोरगी घाबरून एकदम शुद्ध झालीय, एकूण एक ‘ण’ ठणठणीत.

बाई कपाळाला हात लावतात. ‘अगं, घरी बोलतीस तसं बोल की!’

पडदा सरकतो. पहिल्या वाक्याला ती चाचरते. दुसऱ्या वाक्याला घरचा ठसका येतो, हात कमरेवर जातो आणि मागच्या रांगेतली पोरं ओरडायला लागतात.