खेळण्यांची टोपली : कुलूप, झाकण आणि बाळ

बाळाची खेळणी कशात ठेवावीत, हा प्रश्न विज्ञानाच्या मासिकात कशाला, असे कुणाला वाटेल. घरात जी टोपली, पेटी किंवा पिशवी हाताशी असेल तीत ती टाकली की झाले! पण या साध्या गोष्टीलाही इतिहास आहे. त्यात गुरुत्वाकर्षण आहे, बालकाचे शरीरशास्त्र आहे आणि शिक्षणशास्त्रही आहे. शिवाय या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे काही मुलांना प्राणही गमवावे लागले आहेत.

हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत भाजलेल्या मातीच्या चिमुकल्या बैलगाड्या सापडल्या आहेत. भाजलेली माती हजारो वर्षे टिकते. बांबू, वेत, गवत यांच्या टोपल्या मात्र कुजून जातात. म्हणून जुनी खेळणी संग्रहालयात दिसतात, ती ठेवण्याची साधने दिसत नाहीत. त्यांचा माग काढायचा तर आजही हाताने टोपल्या विणणाऱ्या मुलखाकडे पाहावे लागते.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी हे गाव मिरचीसाठी ओळखले जाते. भोवतीचा सारा मुलूख झाडीपट्टीचा, म्हणजे धानाची शेती आणि बांबू असलेले जंगल यांचा. या पट्ट्यात धान्य पाखडायचे सूप, भाजीची टोपली, पूजेची परडी, धान साठवायची ढोली, सारे बांबूचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो आणि मुले चाकांचे लाकडी बैल घेऊन मिरवतात. या प्रथेचा आरंभ नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराशी जोडला जातो. सण संपला की सजवलेला बैल बहुधा फळीवर किंवा माळ्यावर जातो, तो पुढच्या वर्षी खाली येतो. यात गैर काही नाही. वस्तू मोलाची असते. पण ही रीत एक गोष्ट दाखवते : आपल्याकडे खेळणे जपायचे म्हणजे ते मुलापासून जपायचे, असा अर्थ रूढ होता.

हा अर्थ केवळ आपल्याकडचा नव्हता. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह सुरू केले. तेथील शैक्षणिक साहित्य कपाटात कुलूपबंद असे. बाई ते काढून वाटत आणि काम झाले की परत ठेवत. एके दिवशी कुलूप लावायचे राहून गेले आणि बाईही उशिरा आल्या. पाहतात तो मुलांनी कपाट उघडून आपापल्या पसंतीच्या वस्तू घेतलेल्या आणि काही जण कामातही रमलेले! बाईंना ही चोरी वाटली. माँटेसरींना त्यात वेगळेच दिसले : मुलांना निवड करता येते. तेव्हापासून उंच कपाटाच्या जागी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली.

हा विचार मराठी मुलखात रुजवला तो ताराबाई मोदक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी परदेशी साधने खेड्यात कोण आणणार? त्यांनी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया, बांबू यांतूनच साहित्य उभे केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली; ‘अंगणवाडी’ ही कल्पना याच प्रयोगांतून आली. शाळा अंगणात न्यायची तर साहित्यही उचलून नेता येईल, जमिनीवर मांडता येईल असे हवे. तेथे जड कपाट निरुपयोगी ठरते आणि टोपली उपयोगी.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी देशभर पोचली. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेतून प्राथमिक शाळांनाही खेळणी व साहित्यसंच मिळाले. पण वस्तूबरोबर साठा नोंदवहीही आली. वस्तू फुटली तर जबाबदार कोण, या धास्तीने अनेक शाळांतील संच कुलपातच राहिले, हे जुन्या शिक्षकांना सांगायला नको. माँटेसरींच्या कपाटाचे सुटलेले कुलूप असे पुन्हा लागले.

कुलपाने मुलाचा खेळ जातो. झाकणाने मात्र प्राणही जाऊ शकतो. या इतिहासाची ही दुसरी बाजू आहे.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य घरांत खेळणी वाढली आणि ती कोंबण्यासाठी बिजागरीच्या झाकणाची मोठी लाकडी पेटी आली. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग स्थापन झाला आणि त्याच्याकडे या पेट्यांच्या अपघातांच्या नोंदी येऊ लागल्या. उभे राहायला नुकतेच शिकलेले मूल पेटीच्या काठाला धरून आत वाकते आणि झाकण त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर पडते. खेळण्यांसाठी म्हणून न विकलेल्या कपड्यांच्या पेट्या आणि ट्रंकाही तितक्याच घातक ठरल्या.

असे का होते, हे आपण गणिताने पाहू. झाकण ६० सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद आणि १८ मि.मी. जाड प्लायवूडचे असेल, तर त्याचे वस्तुमान सुमारे अडीच किलो भरते. ते उभ्या स्थितीतून आडवे पडताना त्याचा गुरुत्वमध्य २० सें.मी. खाली येतो, म्हणजे सुमारे ५ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. झाकण बिजागरीभोवती फिरत असल्याने पुढच्या कडेचा वेग सर्वांत जास्त असतो. घर्षण सोडून दिले तर या वेगाचा वर्ग ३ × गुरुत्वत्वरण × झाकणाची रुंदी इतका येतो. ९.८ आणि ०.४ या किमती घातल्या की वेग मिळतो सेकंदाला सुमारे ३.४ मीटर. ६० सें.मी. उंचीवरून सोडलेल्या दगडाचा जमिनीवर पोचतानाचा वेग एवढाच असतो. झाकणाची रुंदी ४० सें.मी. असूनही कड दीडपट उंचीवरून पडल्यासारखी आदळते!

आता बाळाचे शरीर पाहा. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसात ते साधारण एक अष्टमांश. त्यामुळे बाळाचा गुरुत्वमध्य वर असतो आणि वाकले की तोल पुढे जातो. आघातानंतरही झाकणाचे जवळजवळ निम्मे वजन मानेवर टेकून राहते. बाळाची श्वासनलिका अरुंद व मऊ असते आणि झाकण उचलण्याइतकी ताकद त्याच्या हातांत नसते. ते ओरडूही शकत नाही.

दुसरा धोका आत कोंडले जाण्याचा. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुले गुदमरून मेल्यामुळे अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला : फ्रिजचे दार आतूनही उघडले पाहिजे. तेच तत्त्व पुढे खेळण्यांच्या पेटीला लागू झाले. तेथील मानकानुसार शेवटचे दोन इंच सोडून झाकण वाटेत कुठेही सोडले तरी १२ मि.मी.पेक्षा जास्त खाली येता कामा नये; मोठ्या पेटीला हवेसाठी छिद्रे हवीत आणि आतून ढकलल्यावर झाकण उघडले पाहिजे. आपल्या घरातील पत्र्याची ट्रंक यांपैकी एकाही कसोटीला उतरत नाही. उलट तिची कडी बाहेरून आपोआप अडकण्याची भीती असते. म्हणून ट्रंक कपड्यांसाठी ठीक, बाळाच्या खेळण्यांसाठी नाही.

मग चांगले साधन कोणते? ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड (१९१०–२००९) यांनी बसू लागलेल्या बाळांसाठी ‘खजिन्याची टोपली’ सुचवली. सुमारे ३५ सें.मी. व्यास, १०–१२ सें.मी. उंची, सपाट बूड, मूठ नाही, झाकण नाही. आणि आत लाकूड, कापड, धातू अशा नाना पदार्थांच्या सुरक्षित वस्तू. हे वर्णन वाचून केशोरीकडच्या माणसाला पसरट बांबूच्या टोपलीची आठवण होईल.

मात्र टोपली बांबूची आहे एवढ्याने ती सुरक्षित होत नाही. काठ गुंडाळून बांधलेला असावा आणि आतून हात फिरवल्यावर कूस लागू नये. विणीत बाळाचे बोट अडकेल अशी छिद्रे नसावीत. बांबूतील पिठूळ अंशामुळे त्याला कीड लागते. तो पाण्यात मुरवला की हा अंश बराच कमी होतो. रासायनिक प्रक्रिया केलेला किंवा जुन्या रंगाने रंगवलेला बांबू घेऊ नये. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी खेळण्यांसाठी वापरू नये. पातळ प्लॅस्टिकची आणि लांब नाडीची पिशवीही नको. टोपली जमिनीवर ठेवावी. फळीवर ठेवली तर मूल चढू पाहते आणि पाळण्यात ठेवली तर पायरी म्हणून वापरते.

टोपलीत काय नको, हेही महत्त्वाचे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यामागील आयएस ९८७३ या मानकात लहान भाग तपासण्यासाठी एक नळकांडे सांगितले आहे. त्याचा आतील व्यास ३१.७ मि.मी. आणि खोली एका बाजूला २५.४, तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मि.मी. असते. हे विद्यार्थ्यांना सहज करता येईल. व्यास ३१.७ म्हणजे परीघ जवळजवळ १० सें.मी.; तेवढ्या आतील परिघाची पुठ्ठ्याची नळी करावी. दोन्ही खोल्यांतील फरक व्यासाइतकाच असल्याने तळ बरोबर ४५ अंशांनी तिरका येतो. कोणतीही वस्तू न दाबता या नळीत पूर्ण मावली, तर ती तीन वर्षांखालील मुलाच्या टोपलीत ठेवू नये. चिंचोका, कवडी, गोटी, सागरगोटा या थोरल्या भावंडांच्या वस्तू तिथेच नापास होतात. त्यांची टोपली वेगळी आणि उंचावर हवी. बटणासारखे सेल तर मुळीच नकोत. गिळले गेल्यास ते दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतात.

कोणतेही साधन निवडताना एवढे विचारावे : हे खेळण्याला मुलापासून वाचवते, की मुलाला धोक्यापासून? वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून ही नळी करून घ्यावी, झाकणाचे गणित सोडवून घ्यावे आणि मग अंगणवाडीताईंच्या संमतीने गावच्या अंगणवाडीतील टोपल्या व पेट्या तपासाव्यात. एखाद्या पेटीचे झाकण त्यामुळे बिजागरीतून काढले गेले, तरी तासाचे सार्थक झाले.