तारप्याचा ठेका आणि धावणारी पावले

मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरी तालुक्यातून जातो. पोलीस भरतीचे दिवस जवळ आले, की पहाटेच्या अंधारात या भागातील तरुण मुलेमुली रस्त्याच्या कडेने, शाळेच्या पटांगणात किंवा समुद्राजवळच्या गावी वाळूवर धावण्याचा सराव करू लागतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. यांतल्या कित्येकांच्या कानांत इयरफोन असतो, नाहीतर खिशातला मोबाइल मोठ्याने गात असतो. गाणे बहुधा लग्नात वाजते तेच: कीबोर्डवर वाजवलेली तारप्याची धून आणि तिच्याखाली यंत्राने दिलेला एकसारखा ठेका.

धावणाऱ्याला गाणे कशाला लागते? त्याने खरोखर काही फायदा होतो, की नुसता भास होतो? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधायला शंभराहून अधिक वर्षे लागली आहेत आणि ते अजून पुरते संपलेले नाही. डहाणू-तलासरीच्या मुलांना तर हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. दमछाक आणि संगीत यांची सांगड त्यांच्या आजोबा-पणजोबांनी फार पूर्वीच घातली होती.

रात्रभराचा नाच

भाताचे नवे पीक तयार होऊ लागले, की वारली पाड्यांवर तारपा वाजू लागतो. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत पाते, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढीच त्याची सामग्री. वादक नाकाने श्वास घेत असतानाच गालांत साठवलेली हवा तोंडाने सोडत राहतो. त्यामुळे सूर तुटत नाही. निरनिराळ्या सुरावटींना ‘चाळे’ म्हणतात. चाळा बदलला, की नाचणाऱ्यांची पावलेही बदलतात.

एकमेकांच्या कमरेला हात घालून स्त्रीपुरुषांची साखळी वादकाभोवती फिरते. हा नाच तासन्‌तास, कधी रात्रभर चालतो. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्रभर नाचतात कशी, असा प्रश्न बाहेरून आलेल्या पाहुण्याला पडतो. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांच्या चित्रांमुळे ही साखळी जगभर पोहोचली. वारली चित्रांत ती बहुधा शंखाच्या वेढ्यासारखी असते आणि वेढ्याच्या आत तारपावाला असतो.

धावण्याचीही एक जुनी रीत या तालुक्यात आहे. विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेत, चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री, देवीचा ध्वज घेऊन पुजारी मंदिरातून निघतो आणि धावत डोंगर चढून तो शिखरावर लावतो. सपाटीवर धावणाऱ्याला हे वाचूनच धाप लागेल.

तारप्याच्या नाचातील एक गोष्ट ध्यानात ठेवू, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. ठेका देणारा माणूस नाचणाऱ्यांच्या मध्येच असतो. त्यालाही पाय आहेत, त्यालाही दम लागतो आणि समोरची साखळी त्याला दिसत असते.

जाते, सैन्य आणि लंबक

श्रमाला लय जोडणे ही काही एकट्या वारल्यांची युक्ती नव्हे. आपल्याकडे जात्यावर ओवी होती. जात्याचा फेरा आणि ओवीचा चरण एकमेकांना धरून चालत. कार्ल ब्यूशर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये ‘काम आणि लय’ या विषयावर एक ग्रंथच लिहिला. देशोदेशीची श्रमगीते गोळा करून त्याने दाखवले, की एका लयीत केलेले काम कमी जाचक वाटते. त्याही आधी, अठराव्या शतकात, फ्रान्सचा सेनापती मॉरिस द साक्स याने सैनिकांना ढोलाच्या तालावर पाऊल टाकायला शिकवावे असा आग्रह धरला होता. पावले जुळली, की तुकडी विस्कळीत होत नाही, हे त्याच्या अनुभवाचे सार होते.

या साऱ्यांत ठेका माणसाच्या हातात किंवा गळ्यात होता. १८१५ मध्ये योहान मेल्झेल याने मेट्रोनोम या यंत्राचे पेटंट घेतले. एक उलटा लंबक मिनिटाला ठरावीक वेळा टकटक करतो, एवढेच त्याचे काम. पण त्यामुळे लय मिनिटाच्या मापात आकड्याने सांगता येऊ लागली. ‘मिनिटाला १२० ठोके’ असे आज आपण सहज म्हणतो, ते याच यंत्रामुळे. हा लंबक कधी दमत नाही, हेही लक्षात घेऊ.

सायकल शर्यतीतला बँड

संगीताने वेग वाढतो का, हे मोजून पाहण्याचा एक जुना प्रयत्न १९११ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील लेनर्ड एअर्स याने न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत नोंदी घेतल्या. तेथे अधूनमधून बँड वाजत असे. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल भरला आणि बँड बंद असताना १७.९ मैल. म्हणजे ताशी सुमारे ३१.५ आणि २८.८ किलोमीटर.

फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थांबावे आणि वर्गाला विचारावे: हा फरक बँडचाच कशावरून? बँड वाजतो तेव्हा प्रेक्षकही जास्त असतील. ते ओरडत असतील, टाळ्या पिटत असतील. गर्दीसमोर कोण सायकलस्वार मागे राहील? एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या गोष्टीचा हे सांगता येत नाही. एअर्सची नोंद मोलाची आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सांभाळून घ्यावा लागतो.

खिशातला ठेका

विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेली यंत्रे एकत्र आली. एक वाट ऐकण्याच्या साधनांची. फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये आली, सोनीचा वॉकमन १९७९ मध्ये आणि आयपॉड २००१ मध्ये. संगीत ऐकत धावणे प्रथमच एकट्या माणसाला शक्य झाले. दुसरी वाट संगीत तयार करण्याच्या साधनांची. कॅसिओचे स्वस्त कीबोर्ड आणि रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे ताल देणारे यंत्र, दोन्ही १९८० मधील. या यंत्रांत ठेक्याचा आकडा एकदा बसवला, की तो शेवटपर्यंत हलत नाही. मेल्झेलचा लंबक जणू विजेवर चालू लागला.

अशा संगीताची धावण्याशी गाठ पडणे अटळच होते. १९९८ मध्ये इथिओपियाचा महान धावपटू हैले गेब्रसेलासी याने बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानात २००० मीटरचा विक्रम केला (४ मिनिटे ५२.८६ सेकंद). त्या वेळी त्याच्या आवडीचे ‘स्कॅटमन’ हे नृत्यगीत ध्वनिवर्धकावर लावलेले होते. त्याच वर्षी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात वाटेत जागोजागी वाद्यवृंद उभे करून मॅरेथॉन भरवली गेली. २००६ मध्ये नाईके या बूट बनवणाऱ्या कंपनीने एलसीडी साउंडसिस्टम या अमेरिकन संगीतसमूहाकडून धावण्यासाठी म्हणून पाऊण तासाची एक सलग इलेक्ट्रॉनिक रचना करवून घेतली. गंमत अशी, की आपण धावत नाही हे तिच्या रचनाकाराने पुढे स्वतःच कबूल केले!

लगेच पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेने शर्यतीत अशी साधने वापरण्यास बंदी घातली. एक कारण सुरक्षिततेचे होते, दुसरे समान संधीचे. पुढे ही बंदी बक्षिसासाठी धावणाऱ्यांपुरतीच ठेवण्यात आली. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धेच्या जागेत रेडिओ, मोबाइल अशी साधने खेळाडूला आजही जवळ बाळगता येत नाहीत.

शरीरात काय घडते?

गेल्या तीसेक वर्षांत लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागिओर्गिस आणि इतर अभ्यासकांनी या विषयावर पुष्कळ प्रयोग केले. त्यांतून तीन गोष्टी बऱ्याच स्पष्ट झाल्या.

पहिली, मध्यम श्रमात संगीतामुळे थकव्याची जाणीव सुमारे दहा टक्के कमी होते. मेंदूचे लक्ष मर्यादित असते. ते सुरांकडे वळले, की पायांच्या आणि छातीच्या तक्रारी थोड्या मागे पडतात. दुसरी, श्रम फार वाढले, की हा परिणाम ओसरतो. धाप लागलेल्या शरीराचे संदेश इतके जोरदार असतात, की गाणे ऐकू येत असूनही थकवा कमी भासत नाही. तिसरी, ठेका ऐकताना मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग जागे होतात, माणूस स्वस्थ बसलेला असला तरी. म्हणून पाय आपोआप ताल धरतो. ठेका आपल्या पावलांहून दोन-तीन टक्क्यांनी वेगळा असेल, तर धावणारा नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. फरक त्याहून मोठा असला, की हे जुळणे सुटत जाते.

येथे थोडे गणित करू. १६०० मीटर ६ मिनिटांत धावायचे आणि मिनिटाला १७० पावले पडतात असे धरू. एकूण पावले १०२०. म्हणजे एक पाऊल सुमारे १.५७ मीटरचे. आता कोणी हट्टाने मिनिटाला १४० ठोक्यांच्या गाण्यावर, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकत धावू लागला तर? तेवढ्याच वेळात ८४० पावले पडतील आणि प्रत्येक पाऊल सुमारे १.९ मीटरचे टाकावे लागेल. इतकी लांब ढांग सवयीची नसेल, तर गुडघ्यांवर ताण येतो. त्यापेक्षा ८५ ठोक्यांचे संथ गाणे बरे. एका ठोक्याला दोन पावले बरोबर बसतात. ‘जोरदार’ गाणे धावायला चांगले असतेच असे नाही.

यंत्राने पुन्हा गिरवलेला धडा

२०१० मध्ये बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी एक उपकरण मांडले. ते चालणाऱ्याच्या किंवा धावणाऱ्याच्या पावलांची गती मोजते आणि गाण्याचा ठेका तिच्याशी जुळवते. पावले मंदावली तर गाणेही मंदावते. संगीतामागे शरीराला ओढायचे, की शरीरामागे संगीताने यायचे, असा प्रश्न त्यांनी विचारला.

वारली वेढ्यातल्या तारपावाल्याकडे यासाठी लागणारे सारे होते: डोळे, पाय आणि दमणारी छाती. त्याचा ठेका कोणत्याही आकड्यावर खिळलेला नव्हता. सेन्सर आणि संगणक वापरून हे नाते पुन्हा उभारावे लागले, कारण मधल्या काळात ठेका माणसापासून वेगळा झाला होता. याचा अर्थ कीबोर्ड वाईट आणि तारपा चांगला, असा नव्हे. लग्नात कीबोर्डवर तारप्याचे सूर ऐकून आजची मुले नाचतात, यात त्यांचा आनंद खरा आहे. पण भोपळ्याचा तारपा बनवणारे आणि वाजवणारे हात कमी झाले, तर एका वाद्याबरोबर ऐकत-ऐकवत नाचण्याची ती रीतही जाईल. ध्वनिवर्धकाला समोरची दमलेली साखळी दिसत नाही.

वर्गात करून पाहा

मैदानावर चारशे मीटरचे अंतर आखा. मुलांनी ते सोसवेल अशा वेगाने तीनदा धावावे: एकदा गाण्याशिवाय, एकदा संथ गाण्यावर आणि एकदा जलद गाण्यावर. मध्ये पुरेशी विश्रांती द्या. दरवेळी तीन नोंदी घ्या: लागलेला वेळ, अर्ध्या मिनिटातील पावले (दुप्पट करून) आणि ‘किती दमलास?’ याचे एक ते दहा असे उत्तर. एअर्सची चूक टाळायची, तर अर्ध्या मुलांचा क्रम उलटा ठेवा आणि बघ्यांना ओरडू देऊ नका. आपल्या पाड्यावर तारपावादक असेल, तर चौथी फेरी त्याच्यासोबत करा. तो मैदानाच्या मध्ये उभा राहील आणि मुले त्याच्याभोवती धावतील. येणारे आकडे प्रत्येक शाळेत वेगळे असतील आणि खरी चर्चा तेथूनच सुरू होईल.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मात्र दोन गोष्टी आजच सांगाव्यात. महामार्गाच्या कडेला कान बंद करून धावू नये. मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही. दुसरे, चाचणीच्या दिवशी कानात गाणे नसेल. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, जिथे संगीताचा उपयोग तसाही संपतो, तिथे स्वतःच्या श्वासाचाच ठेका धरावा लागतो. म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस तरी इयरफोन घरी ठेवून धावावे. तारपावाला रात्रभर जे सांभाळतो, तोही श्वासच असतो.